आधी घड्याळ, मग दुर्बीण: मराठवाड्यातून पिधानं टिपणाऱ्या नवख्यांसाठी

बीएस्सीची पोरं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, दुर्बीण किती इंची घ्यावी?" माझं उत्तर ऐकून बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. पिधान म्हणजे एखाद्या गोळ्याने ताऱ्याला झाकणं. ते टिपायच्या कामात आधी घड्याळ, मग कॅमेरा आणि दुर्बीण सगळ्यात शेवटी.

नेपच्यूनपलीकडचे बर्फाळ गोळे बहुतेक दुर्बिणींतून नुसता ठिपका दिसतात. पृथ्वी-सूर्य अंतराच्या चाळीसपट दूर असलेला २५० किलोमीटरचा गोळा आकाशात जेमतेम ९ मिलीआर्कसेकंदांची (एक मिलीआर्कसेकंद म्हणजे अंशाचा छत्तीस लाखावा भाग) जागा व्यापतो. त्याचा व्यास मोजायचा तर तो एखाद्या ताऱ्याला झाकेल त्या क्षणाची वाट बघायची. रोहिणीचं चंद्राकडून होणारं पिधान पंचांगात वाचलं असेल, तत्त्व तेच. ताऱ्याचे किरण समांतर येतात, त्यामुळे सावली गोळ्याएवढीच रुंद पडते आणि साधारणपणे सेकंदाला वीस-पंचवीस किलोमीटर वेगाने पृथ्वीवरून सरकते. ढगाची सावली शिवारावरून जाताना एका रानात ऊन आणि बांधापलीकडं सावली असते, तसा हा प्रकार. तारा १० सेकंद गायब झाला आणि सावलीचा वेग २४ किलोमीटर असेल, तर तुमच्या जागेवरून गोळ्याची २४० किलोमीटरची जीवा, म्हणजे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंतची सरळ रेघ, मोजली गेली. वेळेत ०.१ सेकंदाची चूक म्हणजे २.४ किलोमीटरची चूक. घड्याळ आधी म्हणतो ते म्हणून.

एका जीवेवरून आकार कळत नाही, फक्त गोळा निदान एवढा तरी लांब आहे इतकं कळतं. लंबवर्तुळ बसवायला पाच अज्ञात राशी काढाव्या लागतात. तीन जीवांची सहा टोकं मिळाली की गणित जमतं. इथं मराठवाड्याचा पसारा कामाला येतो. सावली पूर्व-पश्चिम जात असेल, तर छत्रपती संभाजीनगर आणि लातूर यांच्यात उत्तर-दक्षिण सुमारे १६० किलोमीटरचं अंतर पडतं. मधे परभणी किंवा बीडला कुणी बसलं की जाळं तयार. एकाच गच्चीवर पाच दुर्बिणी लावण्यापेक्षा पाच गावांत एकेक लावा. हे पोरांना पटत नाही, कारण सोबत गप्पा मारायला कुणी नसतं.

नासाचं न्यू होरायझन्स यान नेपच्यूनपलीकडच्या ज्या अ‍ॅरोकॉथजवळून १ जानेवारी २०१९ रोजी गेलं, त्याचा आकार आधी असाच शोधला होता. जून २०१७ मध्ये अर्जेंटिना आणि दक्षिण आफ्रिकेत लोक दुर्बिणी घेऊन बसले, पण तारा कुणाच्याच नजरेत झाकला गेला नाही. १७ जुलैला अर्जेंटिनाच्या पॅटागोनियात दोन डझन दुर्बिणी ओळीने मांडल्या, त्यांतल्या पाचांना जीवा मिळाल्या. गोळा एकसंध नसून दोन भागांचा असावा, असं तेव्हाच दिसलं. इतक्या दुर्बिणी कशाला? चाळीसपट अंतरावर कक्षेच्या अंदाजात १ मिलीआर्कसेकंदाची चूक झाली तरी सावली सुमारे तीस किलोमीटर बाजूला सरकते. ताऱ्यांचा नकाशा काढणाऱ्या गाया यानामुळे त्यांच्या जागा आता फार अचूक कळतात, पण गोळ्यांच्या कक्षांत अजून सैलपणा आहे. म्हणून 'तारा झाकला गेला नाही' ही नोंदसुद्धा पाठवायची. काठाजवळून आलेला असा नकार आकाराला मर्यादा घालतो.

रेकॉर्डिंग पिधानाच्या बरंच आधी सुरू करा आणि नंतरही सावकाश बंद करा. १० मार्च १९७७ला युरेनसने एक तारा झाकला, तेव्हा मुख्य पिधानाच्या आधी आणि नंतर तारा क्षणभर मंदावला. तीच युरेनसची कडी. जेम्स इलियट आणि सहकारी विमानातल्या उडत्या वेधशाळेतून बघत होते. त्याच रात्री तमिळनाडूतल्या कवलूरहून भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामी यांनीही प्रकाश घटल्याची नोंद केली होती. पुढे ३ जून २०१३ला शनी आणि युरेनस यांच्यामधल्या चारिक्लो या छोट्या गोळ्याभोवती ताऱ्याच्या प्रकाशातल्या अशाच छोट्या खळग्यांतून दोन कडी सापडली. मधली सेकंदं मिळाली म्हणून लॅपटॉप मिटणाऱ्याला यातलं काहीच सापडलं नसतं.

आता शेतातलं. आमचं ठिकाण म्हणजे परभणीकडचा एका नातेवाइकांचा आखाडा. रब्बीत रात्री वीज येते आणि शेजारी हरभऱ्याला पाणी द्यायला माणसं बॅटऱ्या घेऊन निघतात. झोत थेट आरशात येतो. "काय बघायलास रे?" असं विचारलं की आधी दुर्बिणीतून गुरू दाखवायचा, मग सांगायचं, "मामा, पंधरा मिनिटं बॅटरी इकडं मारू नका." चारचौघांना आधी सांगून ठेवलेलं बरं. डिसेंबरात दव एवढं पडतं की नळीच्या तोंडाला लांब टोपी हवीच. जून ते सप्टेंबर विसरा.

लॅपटॉपचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवून सुरुवात करता येते, पण खेड्यातला मोबाइल डेटा कधी दगा देईल सांगता येत नाही. प्रत्येक फ्रेमवर जीपीएसची वेळ उमटवणारा कॅमेरा किंवा जोडयंत्र मिळालं तर उत्तम; कॉलेजला मागून बघा. आठ इंची दुर्बिणीवर चंद्र आणि लघुग्रहांच्या पिधानांचा सराव आधी करा. नेपच्यूनपलीकडच्या गोळ्यांसाठी तारे बहुधा मंद असतात, म्हणून एक्स्पोजर वाढतं आणि वेळेची बारकाई कमी होते. पिधान कधी, कुठं दिसेल या भविष्यवाण्यांसाठी 'ऑकल्ट वॉचर' हे सॉफ्टवेअर आहे, फ्रेमवरून प्रकाशवक्र (ताऱ्याचं तेज वेळेनुसार कसं बदललं याचा आलेख) काढायला 'टँग्रा'. दोन्ही फुकट.

करिअरचं विचाराल तर पिधान ही वेगळी नोकरी नाही. एमएस्सीनंतर नेट, गेट, जेस्ट या परीक्षा देऊन पुण्याची आयुका, अहमदाबादची पीआरएल, नैनितालची एरीज अशा खगोल संशोधन करणाऱ्या संस्थांत जाता येतं. ६ जून २०२०ला प्लूटोचं पिधान एरीजच्या देवस्थळ इथल्या ३.६ मीटर दुर्बिणीतून टिपलं गेलं आणि त्यातून प्लूटोच्या वातावरणाचा दाब काढला गेला. अशा कामात मुलाखतीला जाताना दुर्बिणीच्या फोटोपेक्षा स्वतः काढलेला प्रकाशवक्र, त्यातली त्रुटी आणि ती कशी मोजली याचा कागद न्या. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि लघुतम वर्ग पद्धत (मोजमापांवर सगळ्यात कमी चुकीची रेघ बसवायची रीत) पावसाळ्यातच पक्की करा, तेव्हा आकाश तसंही झाकलेलं असतं. कशी सुरुवात करायची कळेना, तर आधी एक कृत्रिम प्रकाशवक्र तयार करा, त्यात गोंगाट मिसळा आणि तारा गायब होण्याची वेळ तुमचाच प्रोग्राम किती अचूक परत काढतो ते बघा.