घोंगड्याला भोकं पडली? केसाळ अळी शोधा

बेळगाव-खानापूरकडं पाऊस सरला की पेटीतली घोंगडी आणि रेशमी साड्या उलगडून बघाच. घडीत किंवा शिवणीत ४-५ मिलिमीटरची तपकिरी, केसाळ अळी किंवा तिची रिकामी कात दिसली, तर ती गालिच्याच्या भुंगेऱ्याची. याच अळीचा पुढं होणारा, खिडकीशी दिसणारा ठिपक्याठिपक्यांचा बारका भुंगेरा फुलांतले पराग खातो. कापडाची नासाडी करते ती अळी. लोकर, रेशीम, पिसं, केस हेच तिचं खाणं. सुती कापडाला ती सहसा शिवत नाही, पण घामाचे किंवा आमटीचे डाग राहिले असतील तर तेही कुरतडते. म्हणून काहीही न धुता पेटीत घालू नका.

घोंगडं झटकून, ब्रशने घासून कडक उन्हात टाका. रेशीम उन्हात नको, रंग जातो. आजीची ठेवणीतली साडी असेल तर ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. उघड्या कपाटात नुसत्या डांबराच्या गोळ्यांवर विसंबू नका.

एवढं करूनही अळ्या येतच राहिल्या तर कौलाखाली, माळ्यावर बघा. चिमणी-पारव्यांच्या सोडलेल्या घरट्यातल्या पिसांवर त्या वाढतात. पिल्लं उडून गेली की घरटं काढून टाका.