इंग्रजी वाक्य अडलं की या चुका टाळा

इंग्रजी वाक्य कळलं नाही की सगळ्यांचा हात आधी शब्दकोशाकडे जातो. अनुवाद तपासताना हे मी रोज बघते आणि मला त्याचा खरंच वैताग येतो. ‘द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल’ यात अवघड शब्द कोणता? घोडा, कोठार, पळणं, पडणं, सगळे शाळेतले. तरी ‘फेल’पाशी गाडी अडतेच. थॉमस बेव्हर या अभ्यासकाने १९७० मध्ये मांडलेलं हे वाक्य इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही अडवतं. तेव्हा आपलं इंग्रजी कच्चं म्हणून लगेच खट्टू होऊ नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पहिलं क्रियापद दिसलं की तेच मुख्य धरून मोकळं होणं. वाक्य संपेपर्यंत आपण थांबत नाही. कर्ता आला, क्रियापद आलं, की अर्थ लावून टाकतो. पण इंग्रजीत ‘दॅट वॉज’ गाळलेलं चालतं आणि ‘रेस्ड’ म्हणजे ‘पळाला’ही होतं, ‘पळवलेला’ही. इथे अर्थ आहे, ‘कोठारापुढून पळवलेला घोडा पडला.’ ‘रेस्ड’च्या जागी ‘रिडन’ घालून वाचा. भूतकाळाचं रूप ‘रोड’ असं वेगळं असल्याने गोंधळ तिथेच मिटतो.

धरणग्रस्तांच्या पुनर्वसनावरचा एक अहवाल नव्याने काम शिकणाऱ्या मुलीकडे दिला होता. मूळ वाक्य होतं, ‘द फॅमिलीज मूव्ह्ड टू द न्यू साइट रिटर्न्ड विदिन अ इयर.’ तिने लिहिलं, ‘कुटुंबं नव्या जागी राहायला गेली आणि वर्षभरात परतली.’ मराठी अगदी सफाईदार. पण मुळात ‘आणि’ नाहीच, तो तिने पदरचा घातला होता. खरा अर्थ, ‘नव्या जागी हलवलेली कुटुंबं वर्षभरात परत आली.’ ज्यांना मूळ जागेवरून उठवलं होतं, ती माणसं अनुवादात आपखुशीने गेली! पुढचा अख्खा परिच्छेद नुकसानभरपाईचा, त्याचा पायाच निखळला. विचारलं तर म्हणाली, ‘मॅडम, वाचायला तर बरोबर वाटत होतं.’ घाईत काम उरकणाऱ्यांचं हे ठरलेलं उत्तर, आणि ते मला कधीच पटत नाही. मुळात नसलेला ‘आणि’ किंवा ‘पण’ घालावासा वाटला, की वाक्य आपल्याला कळलेलं नाही असं खुशाल समजा.

माझी सवय सांगते. पेन्सिलीने प्रत्येक क्रियापदाखाली टिंब द्यायचं आणि प्रत्येकाला विचारायचं, ‘हे कोणी केलं?’ कुटुंबं परतली, ठीक. हलवलं कोणी? दुसऱ्याच कोणीतरी. मग कच्चा खर्डा ‘जी कुटुंबं हलवली, ती परतली’ असा जी-ती लावून करायचा. ओबडधोबड दिसला तरी चालेल, भाषा नंतर घासता येते.

दुसरी चूक, उलगडा झाला की पुन्हा न वाचणं. ‘व्हाइल ॲना ड्रेस्ड द बेबी स्पिट अप ऑन द बेड’ यात ‘ड्रेस्ड’नंतर स्वल्पविराम नाही. ॲना स्वतः कपडे घालत होती, ओकलं ते बाळ. कील ख्रिश्चनसन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अशाच धाटणीच्या वाक्यांवर प्रयोग केले. वाक्य शेवटपर्यंत वाचूनही बऱ्याच जणांच्या डोक्यात ‘ॲनाने बाळाला कपडे घातले’ हे राहिलंच होतं. पहिला चुकीचा अर्थ इतका चिवट असतो. म्हणून अडलेलं वाक्य सुटलं की मी ते पुन्हा सुरुवातीपासून, मोठ्याने वाचते.

यंत्राकडून अनुवाद करून घेणाऱ्यांनी निदान मूळ वाक्य शेजारी ठेवावं. ‘ओन्ली’ दिसला की तो नेमका कशाला लागतो ते बघा. ‘नॉट’ आणि ‘अनलेस’ एकत्र आले तर सरळ होकारार्थी वाक्य करून घ्या.

‘द रॅट द कॅट द डॉग चेज्ड कॉट एस्केप्ड’ असली एकात एक कोंबलेली वाक्यं आतून बाहेर सोडवा. कुत्र्याने मांजराचा पाठलाग केला, त्या मांजराने उंदीर पकडला, तो उंदीर निसटला. मराठीत ‘कुत्र्याने पाठलाग केलेल्या मांजराने पकडलेला उंदीर निसटला’ हे सहज वाचता येतं, कारण प्रत्येक क्रियापद आपल्या कर्त्याजवळ बसतं. इंग्रजीत तीन कर्ते आधी, तिन्ही क्रियापदं शेवटी. तेवढं लक्षात ठेवणं कोणालाही जड जातं.

आणि इंग्रजी तुम्हीच लिहीत असाल, तर शब्द वाचवण्याच्या हौसेपायी ‘हू वेअर’ गाळू नका. ‘द फॅमिलीज हू वेअर मूव्ह्ड’ एवढं लिहिलं असतं, तरी त्या अहवालात ही चूक झाली नसती.