ब्युटेनची उष्णता दुप्पट येत होती, चूक अशी सापडली

लेक बारावीला आहे, परवा रात्री गणित घेऊन आली, १ किलो ब्युटेन जाळल्यावर उष्णता किती. तिचं उत्तर ९९ हजार किलोज्यूल. मला खटकलंच, कारण घरच्या गॅसचं किलोला ४६ हजारच्या आसपास असतंय.

तासभर आकडे तपासले, सगळे बरोबर. मग समीकरणाकडं नीट बघितलं तर ऑक्सिजनचा अपूर्णांक टाळायला तिनं २ मोल (मोल म्हणजे रेणू मोजायचं एकक) ब्युटेन घेतलेलं, ८ कार्बन डायऑक्साइड, १० पाणी, म्हणजे ५७५४ किलोज्यूल हे २ मोलचे, आणि ती एकाचे धरून, १ मोल ब्युटेन ५८ ग्रॅमचं म्हणून, १००० भागिले ५८ म्हणजे १७.२४ मोलनं गुणत होती. निम्मे केले, २८७७, आणि उत्तर ४९,६०० आलं. जीव भांड्यात पडला.

पण ४६ हजार का नाही? आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात सकाळी रश्श्याचं गार पातेलं गॅसवर ठेवलं की बुडाला क्षणभर दव धरतंय बघा, ते ज्वाळेतून निघालेलं पाणी. लेकीनं द्रव पाण्याची निर्मिती-उष्णता (१ मोल पाणी तयार होताना होणारा उष्णतेचा बदल, उणे म्हणजे बाहेर पडणारी) घेतली होती, मोलला -२८५.८ किलोज्यूल. चुलीवर ते वाफ होऊनच निघून जातंय, तिथं -२४१.८ घ्यायचं, मग मोलला २६५७ आणि किलोला ४५,८०० येतंय. परीक्षेत मात्र पाणी द्रव दिलंय का वायू ते आधी वाचा, मी तिला त्यावर पेन्सिलनं गोल करायला लावलाय.