लक्षद्वीपला पहिल्यांदा यॉटने जाताय? आधी पाण्याचा हिशेब

कोल्हापूरकराला अंतर गाडीच्या वेगात मोजायची सवय. यॉट ताशी 5 नॉट, म्हणजे जेमतेम 9 किलोमीटर चालते. कोचीपासून लक्षद्वीपची बेटं 220 ते 440 किलोमीटरवर. म्हणजे वारा नीट असला तरी एक ते दोन दिवस, रात्रीसकट. वाटेत ढाबा नाही!

म्हणून पिण्याचं पाणी माणशी रोज 4 लिटर धरा आणि ठरलेल्या दिवसांच्या दीडपट भरा. सगळं एकाच टाकीत नको, टाकी खराब झाली की संपलं. निम्मं तरी वेगळ्या कॅनमध्ये ठेवा. प्रवेश परवाना आधीच काढा. पावसाळ्यात नावच काढू नका.

बेटांभोवती प्रवाळ आहे. लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ पाण्यात, शिरायचं ते ऊन वर आणि पाठीमागे असताना. तेव्हाच पाण्याच्या रंगावरून खडक ओळखू येतात. संध्याकाळी पोहोचलात तर बाहेरच थांबा, अंधारात घाई नको.

आणि तांबडा रस्सा घरी परतल्यावर. पहिल्या दिवशी भाकरी-दही पोटात राहिलं तरी खूप.