जुना ट्रॅक्टर मिस मारतोय? पंप खोलायच्या आधी हे तपासा

ऊसतोडीच्या तोंडावर वाळवा, पलूस, कराडच्या पट्ट्यात जुने ट्रॅक्टर शेडमधून बाहेर निघतात. पावसाळाभर उभा असलेला मॅसी किंवा महिंद्रा बी-२७५ सुरू होतो खरा, पण मिस मारतो, म्हणजे एखाद्या सिलिंडरचा ठोका चुकून फडफडतो, आणि ट्रॉली जोडली की दम सोडतो. अशा वेळी बहुतेकांचा पहिला पाना डिझेल पंपाला, म्हणजे दाबाने नोझलकडे डिझेल पाठवणाऱ्या पंपाला, लागतो. तो लावू नका. डिझेलच्या लाइनीतली हवा, टाकीतलं पाणी, तुंबलेला फिल्टर यांनीही इंजिन असंच चालतं आणि ते शोधायला खर्च जवळपास नाहीच. टाकीपासून नोझलपर्यंत (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) क्रमाने या, पंप सगळ्यात शेवटी.

आधी रेस कमी ठेवून कान लावा. ठरावीक ठोक्याला खाडा पडत असेल तर एकच सिलिंडर मेलेला आहे. आवाज आपोआप चढतो-उतरतो, असं असेल तर लाइनीत हवा किंवा गव्हर्नरचा (रेस एकसारखी ठेवणारा भाग) दोष. थंड असताना फडफड, पांढरा धूर आणि डोळे झोंबवणारा कच्च्या डिझेलचा वास, आणि गरम झाल्यावर ठीक, हे कमी कॉम्प्रेशनचं (सिलिंडरमध्ये हवा पुरेशी न दाबली जाण्याचं) किंवा टपकणाऱ्या नोझलचं लक्षण. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटवर (हेड आणि ब्लॉकच्या मधल्या पॅकिंगवर) संशय घ्या. लोडवर काळा धूर आला तर आधी एअर क्लीनर उघडा. ऑइल बाथच्या (हवेतली धूळ धरणाऱ्या ऑइलच्या) भांड्यात पाचटाचा चुरा आणि धुळीचा चिखल बसलेला असतो. भांडं धुऊन खुणेपर्यंतच ऑइल भरा. जास्त भरलेलं ऑइल इंजिन ओढून घेतं आणि रेस हाताबाहेर जाऊ शकते. एचएमटी झेटर २५११ मात्र दोनच सिलिंडरचा आहे, त्याचा मूळ ठोकाच खडबडीत असतो. त्याची तुलना तीन किंवा चार सिलिंडरच्या आवाजाशी करू नका.

आता टाकी. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या फिल्टरचा खालचा ड्रेन सकाळी सुरू करण्याआधी ढिला करा आणि पहिलं कपभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्या. पाच मिनिटं बाटली हलवू नका. पाणी असेल तर तळाला मण्यांसारखे थेंब जमतात, बाटली तिरकी केली की एकमेकांत मिसळून घरंगळतात. असे थेंब दिसले तर टाकी पूर्ण रिकामी करून धुवा, फिल्टर नवे घाला. कृष्णेच्या २००५, २०१९ किंवा २०२१ च्या पुरात बुडालेला ट्रॅक्टर असेल तर टाकीच्या आतला गंजही बॅटरीच्या उजेडात बघा, नाहीतर नवा फिल्टर लगेच तुंबेल. अर्धा-पाऊण तास नीट चालून मग इंजिन दबत असेल तर टाकीचं झाकण सैल करा. ‘फुस्स’ आवाज येऊन इंजिन सावरलं तर झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं आहे.

हवेचा दोष फसवा असतो, कारण टाकी ते फीड पंप (टाकीतलं डिझेल ओढून पुढे देणारा छोटा पंप) या ओढीच्या बाजूला जॉइंट सैल असला तरी इंजिन चालू असताना बाहेर थेंब दिसत नाही, उलट हवा आत ओढली जाते. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये तात्पुरता पारदर्शक डिझेल पाइप बसवा. बुडबुडे दिसले तर बॅन्जो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) कॉपर वॉशर बदला आणि रबरी नळीला तडे आहेत का बघा. मग फीड पंपाचा हाताचा लिव्हर मारत स्क्रू ढिले करून एअर काढा: आधी फिल्टरचा स्क्रू, नंतर डिझेल पंपाचे. रोटरी पंप असेल तर पंपाच्या अंगावरचा खालचा स्क्रू आधी, गव्हर्नरचा वरचा नंतर. हा लिव्हर पोकळ लागला तर फीड पंप बिघडला असं समजू नका. त्याला ढकलणारा कॅम वर थांबलेला असतो, इंजिन एक फेरा फिरवलं की लिव्हर धरतो. पडद्याच्या फीड पंपाचा पडदा फाटला असेल तर डिझेल इंजिन ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि डिझेलचा वास आला तर इंजिन चालवूच नका, बेअरिंग जातील.

हे सगळं ठीक असूनही खाडा पडत असेल तर मेलेला सिलिंडर शोधा. थंड इंजिन सुरू करून दोन मिनिटांत धुराच्या (एक्झॉस्ट) मॅनिफोल्डच्या प्रत्येक फाट्यावर पाण्याचा एकेक थेंब टाका. चालू सिलिंडरवर थेंब चरचरून उडतो, मेलेल्यावर नुसता ओघळतो. खात्रीसाठी कमी रेसवर एकेका नोझलचा पाइप-नट अर्धा आटा ढिला करा, वर चिंधी धरा. नट ढिला करताच आवाज बिघडला तर तो सिलिंडर काम करतोय. काहीच फरक पडला नाही तर दोष तिथेच. हात आणि तोंड लांब ठेवा. दाबातलं डिझेल कातडी भेदून आत शिरतं. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठा.

इंजिन बंद करून मेलेल्या सिलिंडरचा नोझल शेजारच्यात घाला. खाडा नोझलबरोबर सरकला तर नोझल टेस्टरवर द्या. जागेवरच राहिला तर कॉम्प्रेशन, टॅपेट किंवा पंपाची ती लाइन. नोझल काढताना जुना कॉपर वॉशर भोकात चिकटून राहतो. त्यावर दुसरा बसला की नोझल उंच राहतो आणि फवारा चुकीच्या जागी पडतो. वॉशर नवाच घाला. नाहीच मिळाला तर जुना लालबुंद तापवून पाण्यात विझवा, मऊ होतो. नोझलचे दोन्ही नट आळीपाळीने आवळा.

पर्किन्स जातीच्या तीन सिलिंडर ३.१५२ इंजिनचा टॅपेट (वॉल्व्हची फट) थंड असताना ०.०१२ इंच, म्हणजे ०.३० मिमी. रेडिएटरकडचा पहिला सिलिंडर. त्याचा पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणून दोन्ही टॅपेट लावा, मग पुली दोन तृतीयांश फेरा फिरवून दुसरा, तसाच तिसरा. सिलिंडर पेटण्याचा क्रम १-२-३ असल्याने गोंधळ होत नाही. बी-२७५ चार सिलिंडरचा, त्याचा क्रम १-३-४-२. त्याचा टॅपेट पुस्तकातला आकडा बघूनच लावा.

मग कॉम्प्रेशन गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजा. एकच सिलिंडर कमी दाखवत असेल तर नोझलच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. जास्त ओतलं तर पिस्टन अडकून रॉड वाकेल. दाब वाढला तर रिंगा आणि लाइनर, नाही वाढला तर वॉल्व्ह. शेजारचे दोन्ही सिलिंडर कमी असतील तर गॅस्केट त्यांच्यामध्ये फुटलेलं आहे.

इथवर सगळं बरोबर निघालं तरच पंप उतरवा. सोडण्याआधी पंपाचा फ्लॅंज आणि इंजिनची बॉडी यांवर छिन्नीने एकच सरळ खूण करा, कारण ती हुकली की टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) बदलतं आणि बरा पंपही मिस मारतो. पाइप सुटताच त्यांची आणि नोझलची तोंडं स्वच्छ प्लास्टिकने बांधा.