मोबाइलवरून मुद्देसूद उत्तर कसं लिहावं

ऑनलाइन चर्चेत मोबाइलवरून दिलेली उत्तरं तुटक आणि घाईची होतात, याचा दोष सहसा टायपिंगच्या वेगाला दिला जातो. खरी अडचण पडद्याची आहे. कीबोर्ड उघडला की पडद्याचा जवळपास निम्मा भाग झाकला जातो. ज्या मजकुराला उत्तर द्यायचं तो वर सरकून दिसेनासा होतो आणि चौकटीत आपल्याच चार-पाच ओळी उरतात. मग माणूस आठवणीवर विसंबून लिहितो. समोरच्यानं ‘बहुतेक वेळा’ म्हटलेलं असतं, उत्तर मात्र ‘नेहमी’ला दिलं जातं, आणि वाद तिथूनच भरकटतो.

म्हणून उत्तर पाठवायच्या चौकटीत लिहूच नका. समोरचा मजकूर शेवटपर्यंत वाचा, ज्याला उत्तर द्यायचं ती एक-दोन वाक्यं कॉपी करा, नोट्सच्या ॲपमध्ये चिकटवा आणि त्याखाली लिहा. अख्खा परिच्छेद उचलू नका. नेमकं कशाला उत्तर देतोय हे मग आपल्यालाच कळत नाही. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डचा क्लिपबोर्ड, म्हणजे कॉपी केलेला मजकूर साठवण्याची जागा, चालू केला तर अनेक उतारे ठेवता येतात, पण पिन न केलेला, म्हणजे कायम ठेवण्याची खूण न केलेला, उतारा तासाभरानं निघून जातो.

नोट्समध्ये लिहिण्याचं आणखी मोठं कारण आहे. एखादा संदर्भ तपासायला दुसऱ्या ॲपमध्ये गेलात आणि फोनची मेमरी कमी पडली, तर मागचं ॲप बंद होतं. परत आल्यावर पान नव्यानं उघडतं आणि लिहिलेलं जातं. दुसऱ्यांदा लिहिताना कंटाळा येतो, आणि गळतात ते नेमके पुरावे आणि अपवाद, म्हणजे उत्तराचा कस.

लांब मजकुरासाठी बोलून टाइप करणं सोयीचं असतं. जीबोर्डवर मराठीची ही सोय 2017 पासून आहे. मात्र विरामचिन्हं बहुधा हातानंच घालावी लागतात. एका वेळी एकच वाक्य बोला, थांबा, पूर्णविराम द्या. नंतर तीन गोष्टी डोळ्यांनी तपासा: आकडे, विशेषनामं आणि नकार. ‘नाही’ गळलं की वाक्य उलटं होतं, तरी व्याकरणात बरोबर दिसतं, त्यामुळे ही चूक नजरेतून सहज सुटते. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांनी ऱ्हस्व-दीर्घही पाहावं. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला कोणता हवा, हे कीबोर्ड अंदाजानं ठरवतो. चूक सापडली तर बोटानं अक्षरावर नेम धरत बसू नका. जीबोर्डवर स्पेसबारवरून बोट डावी-उजवीकडे सरकवलं की कर्सर सरकतो. आयफोनवर आधी स्पेसबार दाबून धरावा लागतो.

पुरावा म्हणून स्क्रीनशॉट टाकण्याची सवय मोडायलाच हवी. चित्रातला मजकूर वाचकाला सहज कॉपी करता येत नाही, दृष्टिहीनांच्या स्क्रीन रीडरला तो अनेकदा वाचता येत नाही, आणि कापताना तारीख व आजूबाजूची वाक्यं बाहेर राहतात. मूळ वाक्य टाइप करा आणि दुवा द्या. क्रोममध्ये वाक्य निवडून शेअर केलं, तर बहुतेक पानांवर थेट त्या वाक्यापाशी नेणारा दुवा तयार होतो.

लांबीचा अंदाजही फोनवर चुकतो. अरुंद पडद्यावर दहा ओळी झाल्या की फार लिहिलं असं वाटतं आणि माणूस थांबतो. संगणकावर तोच मजकूर तीन-चार ओळींत बसतो. ओळी मोजू नका. दावा, त्याचं कारण, एक उदाहरण आणि तो कुठे लागू होत नाही, एवढं आलं की थांबा. साध्या मुद्द्याला 100 ते 150 शब्द पुरतात.

पाठवण्यापूर्वी कीबोर्ड बंद करून पूर्ण पडद्यावर एकदा वाचा. राग आला असेल तर मजकूर नोट्समध्येच राहू द्या.

तक्ते, कोड किंवा दोन लांब मजकुरांची तुलना असेल तर फोनवरून उत्तर देऊ नये. संगणक जवळ नसेल तर ब्लूटूथ कीबोर्ड जोडा, किंवा ओटीजी (फोनला यूएसबी साधनं जोडण्याची सोय) चालणाऱ्या फोनला साधा यूएसबी कीबोर्ड. पडद्यावरचा कीबोर्ड मग बाजूला होतो आणि समोरच्याचं म्हणणं लिहितानाही डोळ्यांसमोर राहतं.