इटलीत मोटरहोमने फिरताय? या चुका टाळा

सहल संपून आठ महिने झाले होते आणि पुण्याच्या घरी इटलीहून एक जाड लिफाफा आला. आत दोन दंड, दोन्ही एकाच सकाळचे. नकाशाने दाखवलेल्या रस्त्याने मी मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, सरळ जुन्या शहरात घातली होती आणि वाटेत दोन कॅमेरे लागले होते. मला याची कल्पनाच नव्हती. म्हणून ही चूक सगळ्यांत आधी सांगतो.

इटलीतल्या बहुतेक जुन्या शहरांच्या मध्यभागाला ‘झेडटीएल’ म्हणतात, म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग. तिथे फाटक नसतं, पोलीसही नसतो. लाल कडेची गोल पाटी आणि एक कॅमेरा, एवढंच. पाटीखालच्या दिव्यांच्या फलकावर ‘वार्को आत्तीवो’ दिसलं तर प्रवेश बंद, ‘वार्को नॉन आत्तीवो’ असेल तर खुला. आपण ‘आत्तीवो’चा अर्थ ‘चालू आहे, या’ असा लावतो आणि फसतो. प्रत्येक कॅमेऱ्याचा दंड वेगळा लागू शकतो.

दंडाबाबत आणखी एक गोंधळ होतो. भाड्याने गाडी देणारी कंपनी काही आठवड्यांत कार्डावरून पैसे कापते. आम्ही समजलो, दंड भरला गेला. प्रत्यक्षात ते फक्त आमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवण्याचं शुल्क होतं. खरी नोटीस सावकाश येते. परदेशी पत्त्यावर ती पाठवायला ३६० दिवसांची मुदत असते. ती हाती पडल्यापासून पाच दिवसांत भरली तर रकमेत ३० टक्के सूट मिळते, म्हणून लिफाफा टेबलावर पडू देऊ नका.

उपाय एकच: गाडी वेशीबाहेर, आपण आत. फ्लोरेन्ससाठी ए-१ महामार्गालगत व्हिला कोस्तान्झा नावाचा वाहनतळ आहे. महामार्गावरूनच आत शिरायचं, गाडी लावायची आणि टी-१ ट्रामने सांता मारिया नोव्हेला स्थानकावर उतरायचं. सिएना टेकडीवर आहे, पण रेल्वे स्थानकापासून वर जायला सरकते जिने आहेत. व्हेनिससाठी खाडीकाठच्या फुझिनाला मुक्काम करा आणि बोटीने जा. अमाल्फीच्या किनारी रस्त्यावर तर मोटरहोमला दिवसा बंदीच असते. गाडी सालेर्नोकडे ठेवून बस किंवा बोट धरा. त्या वळणांवर दोन बस समोरासमोर आल्या की काय होतं, ते बसच्या खिडकीतून बघितलेलंच बरं.

रात्रीचा मुक्काम हा दुसरा घोटाळा. इटलीच्या वाहतूक कायद्यात मोटरहोम उभी करणं आणि तळ ठोकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाकांवर उभी असलेली गाडी म्हणजे पार्किंग. पण बाजूचं कापडी छत उघडलं, खुर्च्या मांडल्या, सांडपाणी सोडलं की ते कॅम्पिंग झालं आणि ते ठरलेल्या जागीच चालतं. म्हणून ‘आरेआ सोस्ता’, म्हणजे मोटरहोमसाठी राखलेल्या मुक्कामाच्या जागा शोधा. गावोगावच्या या जागा कॅम्पसाइटपेक्षा बऱ्याच स्वस्त असतात आणि अनेक ठिकाणी पाणी भरण्याची व टाक्या रिकाम्या करण्याची सोय असते. ‘नॉन पोताबिले’ लिहिलेल्या नळाचं पाणी पिऊ नका.

मुक्कामी गाडीतली वीज गेली? आपल्याकडच्या लोकांचं हे हमखास होतं, कारण आपण इंडक्शन शेगडी सोबत नेतो. कित्येक ठिकाणी विजेची जोडणी सहा अँपिअरची असते, काही ठिकाणी तीनचीच. सहा अँपिअर म्हणजे जेमतेम १,३८० वॉट. इंडक्शन आणि किटली एकत्र लावली की खटका पडणारच. भात-आमटी गाडीतल्या गॅसवर करा, खिडकी उघडी ठेवून.

वजनाकडे आपलं लक्षच जात नाही. बहुतेक भाड्याच्या मोटरहोमची मर्यादा ३,५०० किलो असते आणि त्यात माणसं, सामान, पाणी सगळं आलं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. घाटात निघण्यापूर्वी टाकी गरजेपुरतीच भरा. उतारावर आपल्या घाटांतला जुना नियम पाळा: ज्या गिअरमध्ये चढलो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. सतत ब्रेक दाबलात तर ते तापतील.

तोस्कानातल्या वाल दोर्चा खोऱ्यातल्या पांढऱ्या खडीच्या वाटा, ‘स्त्रादे बियांके’, फोटोत फार मोहक दिसतात. पावसानंतर मात्र त्या वाटांवर ही अवजड गाडी नेऊ नका. तिथली पिएन्झा आणि सान क्विरिको ही गावं डांबरी रस्त्याने गाठा. फोनच्या नकाशाला गाडीची उंची-रुंदी माहीत नसते. ती भरता येईल असं अॅप वापरा. तरीही अरुंद गल्लीत अडकलात तर पुढे रेटू नका. धोक्याचे दिवे लावा, आरसे दुमडा आणि एकाला मागे उतरवून हळूहळू उलटे या.

डिझेलला तिथे ‘गाझोलियो’ म्हणतात. पंपावर ‘सेल्फ’ची, म्हणजे स्वतः भरून घ्यायची रांग ‘सेर्वितो’पेक्षा, म्हणजे कर्मचारी भरून देतो तिच्यापेक्षा, स्वस्त पडते. आणि निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढाच. तो मूळ लायसन्ससोबतच चालतो, त्यामुळे दोन्ही बरोबर ठेवा.